विश्लेषण : ‘तपोवन’ तपोवनात जात नाही, सिंहस्थातल्या भाविकाला हे कोण सांगणार?

नाशिक रोड स्थानकात ‘तपोवन एक्स्प्रेस’ची घोषणा झाली, तरी नांदेडकडे किंवा मुंबईकडे जायचे नसलेला रोजचा प्रवासी मान वर करत नाही. मुंबई आणि नांदेडदरम्यान धावणाऱ्या या गाडीचा गोदाकाठच्या तपोवनाशी संबंध फक्त नावापुरता आहे, हे त्याला ठाऊक असते. पण सिंहस्थ कुंभमेळ्यात साधुग्राम वसते ते याच तपोवनात. उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून पहिल्यांदाच नाशिकला आलेला, डोक्यावर बोचके आणि हाताशी म्हातारी आई असलेला माणूस गोंगाटातून एवढा एकच शब्द ऐकेल. तो कुठे धावेल?

सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चे आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ चे ठरलेले आहे. रस्ते, घाट, पूल, फलाट यांच्या कामांची चर्चा रोज होते. पाट्यांवरच्या आणि भोंग्यांतून ऐकू येणाऱ्या शब्दांची होत नाही. एरवी अशा सूचनांतल्या चुका हसण्यावारी नेल्या जातात, त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात आणि विषय संपतो. गर्दीत तो तिथे संपत नाही.

शब्दांमुळे खरेच जीव जातात का?

१५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्थानकात चेंगराचेंगरी झाली. प्रयागराजच्या महाकुंभाला निघालेल्या प्रवाशांची गर्दी होती आणि काही गाड्या उशिरा धावत होत्या. १८ जणांचा मृत्यू झाला. दिल्ली पोलिसांनी सुरुवातीला सांगितलेले कारण नाशिकने फळ्यावर लिहून ठेवावे असे आहे. ‘प्रयागराज एक्स्प्रेस’ फलाट क्रमांक १४ ची होती. तेवढ्यात ‘प्रयागराज स्पेशल’ फलाट क्रमांक १६ वर येत असल्याची घोषणा झाली. पहिल्या गाडीची वाट पाहणाऱ्यांना वाटले, आपलीच गाडी तिकडे लागली. पुढे रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरात मात्र एका प्रवाशाच्या डोक्यावरचे मोठे ओझे जिन्यावर पडल्याचे कारण दिले. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. ओझे जिन्यावर पडले, तेव्हा त्या जिन्यावर इतकी माणसे का होती, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्राला त्याआधीचा एक प्रसंग आठवतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण दगावले. चौकशीत अचानक आलेला पाऊस आणि पुलावर थांबलेली गर्दी यांच्यावर बोट ठेवले गेले. पण त्यातून वाचलेल्यांपैकी एकीने सांगितले होते, की एका फुलवाल्याचा भारा खाली पडला, तो ‘फूल गिर गया’ ओरडला आणि लोकांनी ‘पूल गिर गया’ ऐकले. हे खरे कारण होते की नाही, यावर वाद होऊ शकतो. मात्र असे होऊ शकते, यावर कोणी वाद घातला नाही.

नाशिकमधली कोणती नावे घोटाळ्याची?

सुरुवात स्थानकाच्या नावापासूनच करावी लागते. ‘नाशिक रोड’ हा रस्ता नव्हे. ब्रिटिश काळात गावापासून दूर असलेल्या स्थानकाला ‘रोड’ जोडण्याची पद्धत होती. इथे उतरा, पुढे रस्त्याने गावात जा, एवढाच त्याचा अर्थ. रामकुंड इथून आठ-दहा किलोमीटरवर आहे. नाशिककरांसाठी नाशिक रोड हे एक स्वतंत्र उपनगर झाले आहे, पण बाहेरच्या माणसाला ‘नाशिक रोडला उतरा’ आणि ‘नाशिकला उतरा’ यांतला फरक कळायला मार्ग नाही. शिवाय रेल्वेच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये या गावाला बरीच वर्षे ‘एच’ नव्हता. ते ‘नासिक’ होते. हिंदीतही ते ‘नासिक’च लिहिले जाते.

स्थानकाबाहेर पडून शहराकडे जाणारी बस धरली, की पुढची नावे येतात. वाटेत ‘उपनगर’ लागते. हे एका वस्तीचे विशेषनाम आहे, पण ते बसवर वाचणारा परका ‘कुठले उपनगर?’ असेच विचारणार. मग ‘द्वारका’. वाहक ‘द्वारका, द्वारका’ ओरडतो, तेव्हा नाशिककराच्या डोळ्यांपुढे वाहनांनी तुंबलेला चौक येतो. गुजरातमधून आलेल्या यात्रेकरूच्या डोळ्यांपुढे काय येत असेल, ते सांगायला नको. पुढे ‘मुंबई नाका’, आणि त्याच्याजवळ ‘महामार्ग बसस्थानक’. आग्रा, मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा चारही दिशांना मोठे रस्ते फुटणाऱ्या शहरात ‘महामार्ग’ या एका शब्दाने कोणता रस्ता समजावा?

सगळ्यात धोक्याचे नाव ‘मेळा बसस्थानक’. ठक्कर बाजारच्या मागचे हे स्थानक बारा महिने चालते. कुंभमेळ्याच्या काळात ‘मेळा बसस्थानक’ अशी पाटी दिसल्यावर दहापैकी किती भाविकांना ते मेळ्यात नेणाऱ्या बसचे ठिकाण वाटणार नाही? कदाचित त्या काळात तिथून मेळ्यासाठी बस सोडल्याही जातील. मग नाव बरोबर ठरेल. नाही सोडल्या, तर हजारो माणसे चुकीच्या ठिकाणी गोळा होतील, आणि चूक त्यांची नसेल. जवळच ‘जुने सीबीएस’ आणि ‘नवीन सीबीएस’ आहेत. नवीन सीबीएस म्हणजेच ठक्कर बाजार. एकाच जागेला दोन नावे आणि एकाच नावाच्या दोन जागा, असा हा मामला आहे.

रेल्वेत ‘तपोवन’च्या जोडीला ‘पंचवटी’ही आहे. नाशिकच्या चाकरमान्यांची ही लाडकी गाडी १९७५ पासून धावते आणि मनमाड व मुंबईदरम्यान ये-जा करते. ती पंचवटीत जात नाही, कारण पंचवटीत रेल्वेच नाही. पण काळाराम मंदिर, सीतागुंफा, रामकुंड हे सगळे ज्या पंचवटीत आहे, तिथेच जायला तर भाविक आलेला असतो.

घोषणा कानावर पडते, पण कळत का नाही?

आवाज घुमतो, भोंगे जुने असतात, गाडीचा हॉर्न नेमका त्याच वेळी वाजतो. हे सगळे खरे आहे. पण भोंगा नवा बसवला तरी वाक्य तेच राहते, आणि अडचण बरीचशी वाक्यात आहे.

रेल्वेची मराठी घोषणा सर्वसाधारणपणे कशी असते? आधी प्रवाशांना लक्ष देण्याची विनंती. मग पाच आकडी गाडी क्रमांक, एकेक अंक सुटा. मग गाडी कुठून निघाली, कुठे जाणार, तिचे नाव. मग फलाट. आणि सगळ्यात शेवटी ती ‘येत आहे’, ‘येणार आहे’, ‘सुटणार आहे’ की ‘रद्द करण्यात आली आहे’. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे प्रवाशाला जे कळायला हवे ते शेवटच्या दोन-तीन शब्दांत असते, आणि तोपर्यंत एक तर हॉर्न वाजतो किंवा ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. आपल्या गाडीचे नाव ऐकले की माणूस धावतो, क्रियापदासाठी थांबत नाही. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येते. इंग्रजी घोषणा समोर ठेवून मराठी तयार केली, तर हा फरक लक्षातच येत नाही.

यावर उपाय मराठीतच आहे. बाजारात ओरडणारा विक्रेता पूर्ण वाक्य बोलत नाही. एसटीचा वाहकही ‘त्र्यंबक, त्र्यंबक, बसा पटकन’ एवढेच म्हणतो आणि बस भरते. ‘फलाट बदल! मुंबईची पंचवटी आता फलाट तीनवर’ असे म्हटले, तर व्याकरणाच्या वहीत ते वाक्य अपुरे ठरेल, पण फलाटावर पुरेल.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. स्थानकावरच्या घोषणा बऱ्याच ठिकाणी सुट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांतून संगणक जोडतो. शहराचे नाव एक तुकडा, अंक दुसरा, ‘जाणारी’ तिसरा. मध्य रेल्वेच्या सरला चौधरी यांच्या आवाजातले ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ पिढ्यांच्या कानात बसले आहे, ते अशाच मुद्रित आवाजांमुळे. हिंदीत हे जोडकाम बऱ्यापैकी निभते. ‘पुणे’ला ‘से’ जोडा किंवा ‘तक’ जोडा, ‘पुणे’ बदलत नाही. मराठीत मात्र ‘पुणे’चे ‘पुण्याला’, ‘ठाणे’चे ‘ठाण्याहून’, ‘कसारा’चे ‘कसाऱ्याकडे’ होते. तुकडे तसेच जोडले की ‘पुणे ला’, ‘कसारा कडे’ असे काहीतरी अधांतरी ऐकू येते. म्हणजे हिंदीसाठी चालणारा साचा मराठीसाठी वेगळा करावा लागतो. बसमधल्या ‘पुढील थांबा : शालिमार’ या साच्यात ही पंचाईत नाही, कारण तिथे नावाला प्रत्यय लावायची वेळच येत नाही. साधा साचा आहे, पण विचार करून केलेला वाटतो.

तिसरी गोष्ट वेळेची. आपण ‘पावणेआठ’ म्हणतो, घोषणा ‘एकोणीस वाजून पंचेचाळीस मिनिटांनी’ म्हणते. रात्री बारानंतरच्या गाडीच्या तारखेचा घोळ तर तिकीट काढणाऱ्या प्रत्येक घरात एकदा तरी झालेला असतो. ‘शून्य वाजून दहा मिनिटे’ ही वेळ कोणत्या रात्रीची, हे तिकिटावर बरोबर छापलेले असते आणि तरीही माणसे एक दिवस उशिरा स्थानकात पोहोचतात.

‘गाडी आपल्या निर्धारित वेळेपेक्षा दोन तास दहा मिनिटे विलंबाने धावत आहे’ हे वाक्यही असेच. त्यात प्रवाशाला बेरीज करायला लावली आहे. गाडीची मूळ वेळ आठवा, त्यात दोन तास दहा मिनिटे मिळवा, मग चहा घ्यायला वेळ आहे का ते ठरवा. ‘सातची गाडी नऊ-दहाला येईल’ हे त्याहून लहान आणि त्याहून उपयोगी. रेल्वेच्या पत्रकांत तर आणखी कोडी असतात. पावसाळ्यात कसारा घाटात अडथळा आला, की मुंबईकडे निघालेल्या काही गाड्या नाशिक रोडला ‘शॉर्ट टर्मिनेट’ होतात, काही ‘रेग्युलेट’ होतात. पहिल्याचा अर्थ गाडी इथेच संपली, उतरा. दुसऱ्याचा अर्थ ती वाटेत थांबवून ठेवली जाईल. हे शब्द नियंत्रण कक्षासाठी ठीक आहेत. दोन मुले आणि तीन बॅगा घेऊन बसलेल्या बाईसाठी नाहीत. आणि कारण विचारावे तर ‘तांत्रिक कारणास्तव’. एवढ्यात अफवेला भरपूर जागा मिळते.

पाटीवरची मराठी कोणाची?

एसटीच्या रस्त्यावर ‘विनंती थांबा’ अशी पाटी पूर्वी सर्रास दिसे, अजूनही दिसते. लहानपणी ती वाचून ‘कोण कोणाला थांबायची विनंती करतेय?’ असे वाटलेले लोक आज पन्नाशीत आहेत. मूळ इंग्रजी कल्पना अशी, की प्रवाशाने हात केला किंवा आतून घंटी दिली तरच बस थांबेल. शब्दाला शब्द ठेवून ‘विनंती थांबा’ झाले आणि अर्थ रस्त्यात सांडला. ‘हात करा, बस थांबेल’ हे चार शब्द कोणालाही कळले असते. त्यातून ‘थांबा’ हा शब्दच दुहेरी. नाम म्हणून ती जागा, क्रियापद म्हणून आज्ञा. नुकते वाचायला शिकलेले मूल ‘बस थांबा’ वाचते तेव्हा त्याला दोन आज्ञा ऐकू येतात, आधी बस, मग थांबा. बस उशिरा येत असेल तर तो अर्थही चुकीचा म्हणता येणार नाही.

सरकारी मराठीची ही ओढाताण जुनी आहे. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले आणि दोन वर्षांनी पदनाम कोश आला, तेव्हा आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले होते. पण सरसकट हसणेही बरोबर नाही. ‘वाहक’, ‘चालक’, ‘आरक्षण’ हे शब्द घडवलेलेच होते आणि ते रुळले. ‘प्लॅटफॉर्म’ जिभेवर घोळून ‘फलाट’ झाला, तो तर कोणाला परका वाटतही नाही. ‘विनावाहक’ हा शब्द पहिल्यांदा वाचताना दचकायला होते, पण नाशिक-पुणे प्रवास करणाऱ्याला त्यातून नेमके कळते, की तिकीट आधी खिडकीवर काढायचे, वाटेत मिळणार नाही. उलट ‘आगार’ इतकी वर्षे पाट्यांवर असूनही लोक ‘डेपो’च म्हणतात, आणि कागदोपत्री ‘भारत प्रतिभूती मुद्रणालय’ असलेल्या संस्थेला अख्खे नाशिक रोड ‘प्रेस’ म्हणून ओळखते. लिफ्टवर ‘उद्वाहक’ लिहून काय साधते, हे लिहिणाऱ्यालाच माहीत. गुडघे दुखणारी आजी तो शब्द वाचून जिन्याकडे वळली, तर लिफ्ट असूनही नसल्यासारखी.

रेल्वेच्या नामफलकांवर महाराष्ट्रात मराठी, हिंदी, इंग्रजी असा क्रम असतो. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने जवळपास तेच नाव दोनदा येते, पण अगदी तेच नाही. ‘देवळाली’ खाली ‘देवलाली’ होते, ‘जळगाव’ ‘जलगांव’ होते, कारण प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. मराठी माणसाला हे खटकते आणि ते समजण्यासारखे आहे. तरी सिंहस्थाच्या दृष्टीने खटकण्यापेक्षा मोठा मुद्दा निराळाच आहे. दोन ओळी एकाच लिपीत खर्ची पडल्यावर तेलुगू, कन्नड, तमिळ वाचणाऱ्याला इंग्रजीची एकच ओळ उरते, आणि ज्यांना इंग्रजीही येत नाही त्यांना काहीच नाही. अशांसाठी रंग, आकडे आणि चित्रे लागतात. २०१५ च्या सिंहस्थात शहराबाहेर ‘बाह्य वाहनतळ’ आणि आत ‘अंतर्गत वाहनतळ’ होते. ‘वाहनतळ’ चांगला मराठी शब्द आहे. पण तो ज्याला वाचायचा होता, तो ड्रायव्हर अनेकदा परराज्यातला होता, आणि त्याला ‘पार्किंग’ हा एकच शब्द माहीत होता.

मग घोषणा कमी कराव्यात का?

काही अंशी हो. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने गाड्यांतल्या निरर्थक, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या घोषणा कमी करण्याचा निर्णय घेतला. सतत वाजणारा आवाज कान बंद करायला शिकवतो आणि कामाची सूचनाही त्यात बुडते. लंडनच्या भुयारी रेल्वेत पायरी आणि फलाटातल्या फटीसाठी तीन छोट्या शब्दांची सूचना १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली, ती जगभर पोहोचली ती तिच्या लांबीमुळे. मुंबईच्या लोकलमधले तिचे मराठी रूप ‘पायदान आणि फलाटामधील अंतराकडे लक्ष द्या’ असे लांबते. ‘फट आहे, जपून’ एवढ्यात भागले असते.

पण घोषणा पूर्ण बंद करणे हा उपाय नाही, हे चेन्नईने दाखवले. तिथल्या सेंट्रल स्थानकाने २०२३ मध्ये भोंगे बंद करून फक्त फलकांवर माहिती द्यायला सुरुवात केली. दृष्टिहीन प्रवाशांची गैरसोय होऊ लागली, तक्रारी आल्या आणि काही दिवसांतच आवाज परत आला.

नाशिकच्या हातात काय आहे?

अडचण अशी, की पाट्या एकाच्या नाहीत. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची, जुलै २०२१ पासून शहर बससेवा चालवणारी ‘सिटीलिंक’ महापालिकेच्या महामंडळाची, चौकातले फलक पोलिसांचे. प्रत्येक जण आपापल्या भाषेत लिहितो. त्र्यंबकेश्वर कुठे ‘त्र्यंबक’, कुठे ‘त्रिंबक’, इंग्रजीत तर त्याची तीन-चार स्पेलिंगे. सिंहस्थासाठी कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झाले आहे. एका जागेला एकच नाव, हे ठरवण्याचा अधिकार निदान त्या काळापुरता कोणा एकाकडे असू शकतो. खर्च नगण्य आहे. ‘मेळा बसस्थानक’ या पाटीखाली ‘इथून रामकुंडाची बस मिळत नाही’ किंवा ‘मिळते’, यांपैकी जे खरे असेल ते एका ओळीत लिहिता येईल. ‘तपोवन एक्स्प्रेस’ ऐवजी ‘नांदेडची गाडी’ आणि ‘पंचवटी’ ऐवजी ‘मुंबईची गाडी’ किंवा ‘मनमाडची गाडी’ अशी घोषणा पर्वणीच्या दिवसांत करता येईल. पाटी लावण्यापूर्वी ती नाशिक कधीच न पाहिलेल्या दहा माणसांना दाखवून ‘आता कुठे जाल?’ एवढेच विचारता येईल.

परतीचा प्रवास याहून अवघड असतो. स्नान उरकले, की सगळ्यांना एकाच वेळी घरी जायचे असते. या वेळी गर्दी विभागण्यासाठी नाशिक रोडबरोबर देवळाली, ओढा, खेरवाडी आणि कसबे सुकेणे या स्थानकांचाही वापर करण्याचे नियोजन आहे. म्हणजे जो भाविक नाशिक रोडला उतरला, त्याची परतीची गाडी ओढ्याहून असू शकते, आणि हे त्याला रामकुंडावरच कळायला हवे. देवळालीत तर स्टेशन वेगळे, कॅम्प वेगळा आणि ‘देवळाली गाव’ पुन्हा नाशिक रोडला चिकटलेले. ‘ओढा’ हे मराठी माणसाला वाहत्या पाण्याचे नाव वाटेल. रेल्वेच्या डब्यात तोच शब्द फक्त एका ठिकाणी भेटतो, साखळीच्या वर लिहिलेल्या सूचनेत, आणि तिथे त्याचा अर्थ निराळा आहे. विनाकारण ओढल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड.